आधी इंजिन, मग पाणी

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी शिरूर तालुक्यातल्या आमच्या टेस्ट रूममध्ये वॉटर स्कूटरच्या एका इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. इंजिन त्या वेळी पूर्ण ताकदीने चालत होतं. खोलीत कोणी नव्हतं. सांडलेल्या तेलाने पेट घेतला. आग पावडरच्या सिलिंडरने विझवली. कोणालाही इजा झाली नाही.

दुपारच्या आत कारण कळलं. त्याच कारणाने बिघडलेलं असू शकेल असं आणखी एक इंजिन आदल्या आठवड्यात आमच्याकडून बाहेर पडलं होतं. ते दौंड तालुक्यात भीमेच्या फुगवट्यावर एका स्कूटरमध्ये बसवलेलं होतं आणि रोज पाण्यात जात होतं. ती स्कूटर चालवणारा माणूस आमच्या डायनो ऑपरेटरच्या बहिणीचा नवरा होता.

त्या दिवशी मी दोन्ही ठिकाणी हजर होतो. जे मी स्वतः पाहिलं नाही ते ज्याने पाहिलं त्याला विचारून लिहिलं आहे.

मी बरीच वर्षं पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. त्याआधी शिरूर आणि दौंडच्या बातम्या पाठवायचो. पानं कमी झाली तेव्हा माणसंही कमी झाली आणि मी गावी परतलो. न्हावऱ्याच्या रस्त्याला उसाच्या मागे पत्र्याची एक शेड आहे. तिच्या मालकांना रिपोर्ट लिहिणारा माणूस हवा होता. इंजिन उघडल्यावर काय दिसलं, काय बदललं, टेस्टमध्ये त्याने किती ताकद दिली, हे ग्राहकाला समजेल अशा भाषेत लिहायचं. मालक म्हणाले, "दिसलं तेवढंच लिहायचं. वाटलं ते नाही लिहायचं." हे मला सवयीचं होतं.

मालक पूर्वी रांजणगावच्या एका इंजिन कारखान्यात टेस्टिंगला होते. कारखान्याने जुनी यंत्रं काढली तेव्हा त्यांनी भंगारातून एक डायनो उचलला. सुरुवातीला मोटारसायकलींची इंजिनं तपासली. मग कोणाच्या तरी ओळखीने मालवणहून एक वॉटर स्कूटर आली, ती दुरुस्त होऊन गेली, आणि किनाऱ्यावरचं काम इकडे यायला लागलं. शेडमधल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. इंजिनं उघडली की आत मिठाची पांढरी खपली असायची, कोपऱ्यांत वाळू असायची. एकदा पाण्याच्या वाटेत अडकलेला नखाएवढा शिंपला निघाला. फिटरने तो जिभेला लावून पाहिला आणि खारट आहे असं सगळ्यांना सांगितलं.

डायनो म्हणजे इंजिनाला जागेवर पळवायची सोय. इंजिन लोखंडी चौकटीवर पक्कं बसवायचं आणि त्याचा शाफ्ट पाण्याने भरलेल्या एका बंद डब्याला जोडायचा. डब्यात चक्र फिरतं, पाणी त्याला अडवतं. पाणी वाढवलं की अडवणं वाढतं. इंजिन त्या अडवणाऱ्या पाण्याला किती जोराने रेटतं, ते पडद्यावर दिसतं. खोलीच्या भिंती जाड विटांच्या आहेत आणि ऑपरेटर बाहेरून दुहेरी काचेतून बघतो. तरी आवाज बाहेर येतोच. पूर्ण ताकदीवर खिडकीतल्या ग्लासातल्या चहावर वर्तुळं उठायची. ऊसतोडीला आलेली माणसं आमच्या शेडला बोंबलती खोली म्हणायची. शेजारचे एक आबा महिन्यातून एकदा येऊन बांधावर उभे राहायचे.

"तुमचं ते वरडायला लागलं का म्हशी पान्हा चोरत्यात," ते म्हणायचे.

"आबा, दुपारी काढा की धार."

"म्हशीला सांगतो तसं. आयकती का बघू."

स्कूटरच्या इंजिनाला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. स्कूटर ज्या पाण्यावर तरंगते तेच पाणी ते आत ओढतं, अंगातून फिरवतं आणि धुरासोबत बाहेर टाकतं. टेस्ट रूममध्ये हे पाणी टाकीतून पाइपने द्यावं लागतं. त्याचा एकच नियम आहे. आधी इंजिन चालू करायचं, मग पाण्याचा कॉक उघडायचा. बंद करताना उलटं: आधी कॉक, मग इंजिन. धूर जोराने बाहेर पडत असेल तर तो पाण्याला ढकलून नेतो. इंजिन बंद असताना पाणी सोडलं तर ढकलायला काही नसतं. पाणी उलट्या वाटेने सिलिंडरमध्ये येतं. पिस्टन हवेला दाबू शकतो, पाण्याला दाबू शकत नाही. मग जे वाकू शकतं ते वाकतं, म्हणजे पिस्टनला शाफ्टशी जोडणारा रॉड.

ऑपरेटर दिवाळीनंतर कामाला आला होता. वय चाळिशीच्या पुढे. त्याआधी यवतला त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि भीमेच्या काठाने डिझेलवर चालणाऱ्या शेतीपंपांचा तो नावाजलेला मिस्त्री होता. मला तो पत्रकार म्हणायचा. रिपोर्टवर सही करताना विचारायचा, "पत्रकार, माझं नाव पयल्या पानावर हाय ना?" मालकांनी पहिल्याच दिवशी त्याला नियम सांगितला होता. मी तिथे होतो. तो "व्हय साहेब" म्हणाला होता. पुढचे दोन महिने कॉकवर मालकांचाच हात असायचा आणि ऑपरेटर पडद्यापाशी असायचा. जानेवारीत मालक इंजिनं आणायला कोकणात गेले. त्या आठवड्यात थंडी होती. त्या आठवड्यात ऑपरेटरने एकट्याने दोन इंजिनं चालवली.

मंगळवारी फुटलं ते त्यातलं दुसरं. मालक रात्रीच परतले होते. हे इंजिन दीर्घ टेस्टला लावून सगळे चहाला बाहेर आले होते. आवाज आधी जाड झाला आणि मग एकदम थांबला. बिहारकडचा आमचा वेल्डर काचेच्या सगळ्यात जवळ होता. त्याने धावत जाऊन पेट्रोलचा पाइप बंद केला.

इंजिन गार झाल्यावर मालकांनी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं. दोन सिलिंडरच्या भिंतींवर वरच्या कडेला काजळीची बारीक रेघ होती. तिसऱ्यात तीच रेघ बोटभर रुंद होती. मालकांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हा पिस्टन वरपर्यंत येतच नव्हता," ते म्हणाले. "रॉड आधीच वाकलेला होता. आज नुसता तुटला." मग ऑपरेटरला विचारलं, "पाणी कधी सोडलं होतंस?"

"आधी."

"कशाच्या आधी?"

"चालू करायच्या आधी. पान्याबिगर इंजिन कसं चालू करायचं?"

ऑपरेटरने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं.

हे सवयीने झालेलं होतं. भीमेच्या काठावर पंप चालवणारा कोणीही माणूस इंजिनाला हँडल मारण्याआधी पंपात पाणी भरतो. पंप कोरडा फिरला तर पाणी उचलत नाही आणि आतलं सील जळतं. लहानपणापासून हात तसाच चालतो: कळशीने पाणी ओतायचं, हवा निघून जाईपर्यंत ओतायचं, झाकण आवळायचं आणि मग इंजिन. ऑपरेटरने हे काम इतक्या वेळा केलं होतं की मालक शेजारी नसताना त्याच्या हाताने तेच केलं.

"नीट सांग," मालक म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"गारठा हुता. इंजिन पकडंना. लई डाव स्टार्टर मारला. मग एक डाव खट करून आडाकला. म्हटलं पानी शिरलं. प्लग काढलं, पानी उडवलं, तेल बदललं. परत मारला तर झालं चालू. घोड्यावानी पळालं."

"आणि दाजींचं?"

"त्येलाबी तसंच." त्याने बंद कॉककडे पाहिलं. "त्येला जरा जास्तच. घरचं हाय म्हणून आधी चांगलं पानी भरून घेतलं. कोरडं लागू ने म्हणून."

दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. दाजींचं काम ऑपरेटरनेच शेडमध्ये आणलं होतं. त्या इंजिनाचा रिपोर्ट मी लिहिला होता. त्या महिन्यातलं ते सगळ्यात चांगलं रीडिंग होतं.

मी विचारलं, वाकलेल्या रॉडवर इतकी ताकद कशी दिली?

मालक म्हणाले, "थोडा वाकलेला असेल तर देतं. तुटेपर्यंत देतं. सकाळी यानेही दिली."

दाजींना फोन लावला. वाजत राहिला. ते पाण्यावर जाताना फोन काठावर ठेवतात, असं ऑपरेटर म्हणाला. बहिणीचा फोन बंद होता. मालकांनी मला पिकअपची किल्ली दिली आणि ते स्वतः फुटलेल्या इंजिनापाशी थांबले.

"स्कूटर घेऊनच या. समजावत बसू नका," ते म्हणाले.

न्हावरे, भीमेवरचा पूल, पारगाव, चौफुला आणि मग सोलापूर हायवे असा रस्ता आहे. कारखान्याचा सीझन चालू होता. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत मधोमध चालले होते आणि त्यांना ओलांडणं सोपं नव्हतं. ऑपरेटर दर थोड्या वेळाने फोन लावत होता. पाटसपर्यंत तो एकदाच बोलला.

"साहेबांनी सांगितलं हुतं. मी व्हय म्हटलं हुतं."

फुगवट्यात बुडून मृत्यू ही बातमी मी तालुक्यातून अनेकदा पाठवली होती. ती एका कॉलममध्ये बसते. कोण, कुठला, कधी, कसा, आणि शेवटी एक ओळ: मृतदेह स्थानिक मच्छीमारांनी बाहेर काढला. त्या स्थानिक मच्छीमारांमध्ये दाजी असायचे, हे मला शेडमध्ये काम करायला लागल्यावर कळलं. त्यांनी जुनी स्कूटर घेतली होती ती शनिवार-रविवारी येणाऱ्या पुण्याच्या लोकांना फिरवायला. पण काठावरच्या गावांत कोणी पाण्यात सापडलं की पहिला फोन त्यांनाच जायचा. त्या बाजूला वेगाने जाणारं दुसरं काही नव्हतं.

कुरकुंभच्या पुढे हायवे सोडून आम्ही डावीकडे वळलो. रस्ता संपतो तिथे पाणी सुरू होतं. धरणाने नदी फुगवलेली असल्यामुळे तिथे नदी वाटत नाही. समोरचा काठ म्हणजे एक करडी रेघ. काठाला बाभळी उभ्या होत्या, त्यांतल्या काही पाण्यात होत्या. वारा सुटला होता आणि पाण्यावर बारीक लाटा होत्या. ऑपरेटरची बहीण तिथे पत्र्याच्या आडोशाला चहा आणि मासळीचं ताट विकते. स्कूटर काठावर नव्हती.

"आज कुठं वाट वाकडी केली?" बहीण म्हणाली. "बहिन जिती हाय का बघाया आलास?"

"आक्का, दाजी कुठं हायेत?"

"पल्याड गेल्यात. करमाळ्याकडचा एक मानूस हुता, होडी चुकली त्याची. बसा, च्या टाकते. ह्ये कोण?"

"आमच्या हापिसातलं हायेत. दाजी कवा गेलं?"

"झाला की येळ. येतील." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "काय झालंय?"

"काय न्हाई. इंजिन बघायचं हाय जरा."

तिने चहा टाकला. आम्ही उभेच राहिलो. मग पलीकडून आवाज आला. मी तो आवाज रोज ऐकत होतो, पण विटांच्या खोलीतला. उघड्यावर तो बारीक आणि लांबचा होता. ऑपरेटरने मान एका बाजूला केली आणि डोळे मिटले. आवाज एकसारखा होता. पाण्यावर पांढरी रेघ दिसली. मग, निम्म्या वाटेवर, आवाज बंद झाला.

ऑपरेटर पाण्यात गुडघ्यापर्यंत गेला.

"जाळी हायेत तितं," बहीण मागून म्हणाली. "जाळ्यापाशी बंदच करत्यात. न्हाईतर आत गुतत्यात."

आम्ही वाट पाहिली. काही वेळाने इंजिन पुन्हा चालू झालं, आणि दाजी काठाला आले.

दाजी पन्नाशीचे, सडपातळ. अंगात नारिंगी जॅकेट, मनगटाला लाल दोरी. ती दोरी स्कूटरच्या खुंटीला अडकवलेली असते. माणूस पडला तर दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. दोरी नसेल तर ते चालूच होत नाही. त्यांनी मेव्हण्याला गुडघाभर पाण्यात पाहिलं आणि हसले.

"पाव्हणं, आंघूळ न्हाई व्हय केली आज?"

ऑपरेटरने तिथेच, पाण्यात उभं राहून, सगळं सांगितलं. आधी पाणी सोडलं ते, स्टार्टर अडकला ते, सकाळी काय फुटलं ते. दाजी ऐकत होते आणि स्कूटरच्या सीटवरचं पाणी हाताने निपटत होते.

"पळतंय की ह्ये," ते म्हणाले. "तूच म्हणला हुतास ना, घोडा हाय घोडा. कागुदबी दिलाय तुमी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यांचीच सही हाय का त्येच्यावर?"

"सही माजी हाय, दाजी. उघडून बघितल्याबिगर कळायचं न्हाई."

"मग सोमवारी ने. शनवार-रविवार बुकिंग हाय. पोरांची ट्रिप हाय पुन्याची. सोमवारी उघड, न्हाईतर इकून टाक."

"आत्ताच न्यायचं हाय."

"ट्रेलर भिगवनला हाय, टायर बदलाया. काय खांद्यावर नेतोस?"

बहीण चहाचे ग्लास घेऊन आली होती आणि मागे उभी होती. तिने आपल्या भावाला एकच प्रश्न विचारला.

"फुटलं तर काय हुतं?"

"मधी बंद पडलं तर बंद पडलं. पन फुटलं तर ब्लॉकला भोक पडतं. तेल पेटतं. आन् बुडाला लागलं तर खालनं पानी."

तिने ग्लास दगडावर ठेवले. दाजींचं मनगट धरलं, लाल दोरी सोडवली आणि पदराच्या टोकाला बांधून पदर कमरेला खोचला.

"ट्रेलर मागवा," ती म्हणाली.

"आगं, ग्येलं का डोकं?"

"ट्रेलर मागवा म्हटलं ना."

दाजींनी भिगवणला फोन केला. टायर बदलून झाला होता. ट्रेलर संध्याकाळच्या आत येईल असं तिकडून सांगितलं. मग ते आडोशाला बसून जेवले. जेवताना मेव्हण्याला टोमणे मारत होते: शिरूरला जाऊन मिस्त्रीचा इंजिनेर झाला, आता इंजिनं फोडायचा पगार घेतो. ऑपरेटर ऐकून घेत होता. त्याने ताटाला हात लावला नाही. वातावरण सैल झालं होतं. मीही मालकांना फोन करून सांगितलं की स्कूटर काठावर आहे आणि बंद आहे.

वारा वाढला. ट्रेलरची वाट बघत असताना दाजींचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, दोन शब्द विचारले आणि उभे राहिले.

पाणी उतरायला लागलं की उसाला पाणी उचलणारे पंप काठावरून आत आत सरकवावे लागतात. रिकाम्या ड्रमांवर फळ्या बांधून तराफा करतात, त्यावर पंप आणि इंजिन ठेवतात आणि माणसं तो ढकलत नेतात. वरच्या अंगाच्या गावात दोघे जण असा तराफा हलवत होते. वाऱ्याने तो सुटला, मध्ये गेला आणि कलंडला. दोघे ड्रमांना धरून होते. काठावरच्यांना ते दिसत होते, पण होडीने तिथे पोचायला फार वेळ लागणार होता. एका ड्रमचं झाकण नीट बसलेलं नव्हतं.

हे सगळं दाजींनी तीन-चार वाक्यांत सांगितलं आणि बायकोसमोर हात पुढे केला.

ती उठली नाही. "दुसऱ्या कुनाला सांगा."

"दुसरं कोण हाय?"

ऑपरेटर म्हणाला, "मी जातो."

"तुला चालवता येती का? आन् पवायला?"

त्याला दोन्ही येत नव्हतं. "मग मागं बसतो."

"तू बसलास तर त्यास्नी कुठं बसवू?"

कोणाचाही आवाज चढलेला नव्हता. बहिणीने कमरेतून पदर काढला. गाठ ओल्या हाताने मारलेली होती, ती लवकर सुटेना. दाजींनी मदत केली नाही. हात तसाच पुढे धरून उभे राहिले. गाठ सुटली तेव्हा तिने दोरी हातात न देता स्वतः त्यांच्या मनगटाला बांधली.

ऑपरेटर स्कूटरपर्यंत सोबत गेला. "दाजी, अर्ध्याच्या वर नेऊ नका. अर्ध्यावर ठेवलं तर सोसंल. पूर्ण दिलं तर सोसायचं न्हाई."

"बरं," दाजी म्हणाले.

इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झालं. काठापासून थोडं दूर जाईपर्यंत आवाज बेताचा होता. मग तो चढला आणि चढतच गेला. मला तो ओळखू आला. त्या दिवशी सकाळी रॉड तुटण्याआधी आम्ही चहा घेत होतो तेव्हा हाच आवाज होता. ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही ओळखू आला होता.

"पूर्ण दिलंय," तो म्हणाला.

स्कूटर पाण्यातल्या बाभळींच्या पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. आवाज येत राहिला. बहीण आडोशात परतली होती. तिने चहाचं पातेलं घासायला घेतलं आणि ते पुन्हा पुन्हा घासत होती. भिगवणहून ट्रेलर आला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्याला ऑपरेटरने हाताने गप्प केलं.

मग आवाज थांबला.

माणसं उचलताना इंजिन बंद करावंच लागतं. स्कूटर तळाच्या ज्या जाळीतून पाणी ओढते तिच्यातून कपडे किंवा दोर आत ओढला जाण्याची भीती असते. हे मला माहीत होतं, ऑपरेटरला माहीत होतं. त्याने ते मोठ्याने म्हणूनही दाखवलं. त्यानंतर काहीच ऐकू येत नव्हतं. वाऱ्याचा आवाज, पाण्याचा आवाज, आणि आडोशात पातेलं दगडावर घासल्याचा. बहिणीने मग तेही थांबवलं.

तो वेळ किती होता हे मी सांगू शकत नाही. घड्याळ पाहिलं नव्हतं. ऑपरेटरला नंतर विचारलं तेव्हा त्याने जो अंदाज सांगितला तो माझ्या अंदाजाच्या दुप्पट होता. ट्रेलरच्या ड्रायव्हरने तेवढ्यात एक विडी ओढली होती, एवढंच त्याला आठवत होतं.

इंजिन पुन्हा चालू झालं. या वेळी आवाज जड होता, तिघांच्या वजनाचा. तो खाली होता आणि खालीच राहिला. स्कूटर बाभळींच्या मागून बाहेर आली तेव्हा तिचा मागचा भाग पाण्यात खोल बसलेला होता. ती माणूस चालत येईल इतक्या संथपणे काठाकडे येत होती. ऑपरेटर पुन्हा पाण्यात उतरला. स्कूटर हाताला लागेल इतकी जवळ येताच त्याने दाजींच्या मनगटाच्या वर हात घालून दोरी खुंटीवरून उपटली. इंजिन बंद झालं.

मागे दोघे होते. एक तरुण होता, तो थंडीने इतका थरथरत होता की त्याला उचलून खाली घ्यावं लागलं. दुसरे साठीचे, त्यांच्या पोटात पाणी गेलं होतं. बहिणीने दोघांना चादरी दिल्या आणि चुलीपाशी बसवलं. वयस्कर माणसाने आधी उलटी केली आणि मग विचारलं, "इंजिन ग्येलं का?"

"कुठलं इंजिन, मामा?" ऑपरेटर म्हणाला.

"पंपाचं. तराफ्यावरचं."

"ग्येलं."

"नवीन हुतं," ते म्हणाले.

दाजी जॅकेट काढत होते. ते ऑपरेटरला म्हणाले, "बघ. झालं का काय?" ऑपरेटरने लाल दोरी खिशात घातली आणि तो ट्रेलरचा पट्टा ओढायला लागला. दाजींनी थोडा वेळ पाहिलं आणि मग दुसरी बाजू धरली.

ट्रेलर आमच्या पिकअपला जोडला आणि स्कूटर त्याच रात्री शिरूरला पोचली. दाजी सोबत आले नाहीत. रस्त्यात ऑपरेटरने दोनदा पिकअप थांबवायला लावली आणि खाली उतरून ट्रेलरच्या दोऱ्या तपासल्या. मालक शेडमध्ये थांबलेले होते. त्यांनी विचारलं, पुन्हा चालवली होती का? मी सांगितलं, हो, एकदा, पूर्ण ताकदीवर. त्यांनी ऑपरेटरच्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं आणि "का?" असं विचारलं, तेव्हा मी तराफ्याचं सांगितलं.

बुधवारी सकाळी इंजिन उघडलं. मधल्या सिलिंडरच्या भिंतीवर काजळीची रेघ रुंद होती. ते पाहून मालकांनी सगळं पुढचं काम स्वतः केलं. रॉड बाहेर काढला आणि सपाट फरशीवर ठेवला. तो टेकत नव्हता; एका बाजूने खाली उजेड दिसत होता. मग त्याला लाल रंग लावला, तो मुरू दिला, पुसून काढला आणि वर पांढरी पावडर फवारली. भेग असेल तर आत मुरलेला रंग पावडरवर उमटतो. ऑपरेटर टेबलाच्या पलीकडे हात मागे बांधून उभा होता.

रॉडच्या मानेवर आडवी लाल रेघ उमटली. मालकांनी भिंगातून पाहिलं, रॉड उलटा केला आणि मागची बाजू पाहिली. भेग आरपार गेलेली नव्हती. "आणखी एकदा पूर्ण ताकद दिली असती तर हाही तुटला असता," ते ऑपरेटरला म्हणाले.